कुळाची कुळं : कुलवृत्तांत मंडळांना खुलं पत्र

कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्या सर्व मंडळांचे संपादक आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कुळाच्या वृत्तांताची, म्हणजे घराण्याच्या वंशावळींच्या छापील पुस्तकाची, प्रत वडिलांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली होती. खाकी कव्हर घालून ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवलेली असे. त्यातलं एकच पान ते आम्हा भावंडांना पुन्हा पुन्हा दाखवत. चिपळूण तालुक्यातल्या एका गावच्या घराण्याची वंशावळ, तिसऱ्या फांदीवर एक नाव, आणि खाली बारीक टाइपात एक ओळ : ‘घाटावर गेले. पुढील माहिती उपलब्ध नाही.’ वडील त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, “पुढील माहिती म्हणजे आपण.”

त्यांना ते सिद्ध करता आलं नाही. मंडळाला त्यांनी तीन पत्रं लिहिली. पुराव्याशिवाय शाखा जोडता येत नाही, असं सौजन्याचं उत्तर आलं, आणि ते रास्तच होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते काम मी हाती घेतलं. पुरावा मिळायला अकरा वर्षं लागली. तो कुठे मिळाला आणि त्याच्यासोबत आणखी काय हाती लागलं, ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. एकाच मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, कारण ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’ ही ओळ मी जवळजवळ प्रत्येक कुळाच्या पुस्तकात वाचली आहे.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. फोन नव्हते तेव्हा तुमच्या आधीच्या पिढ्यांनी पोस्टकार्डं पाठवून, एसटीने गावोगाव हिंडून, लोकांच्या ओसरीवर बसून ही नावं गोळा केली. सुनांची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं लिहून ठेवणारी पुस्तकं आपल्याकडे दुसरी कुठली आहेत? ती नसती तर वडिलांना बोट ठेवायलाही जागा मिळाली नसती. तेव्हा पुढे जे मागणार आहे, ते या कामाचा मोठेपणा जाणून मागते आहे.

तुमचं माहितीपत्रक आठवा. नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्यं, विशेष कर्तृत्व. ‘मूळ गाव’ असतं, ‘सध्याचा पत्ता’ असतो. या दोन्हींच्या मध्ये जे घडलं, त्याला रकाना नाही. माणूस गाव सोडून दुसऱ्या गावी गेला म्हणजे नेमकं काय झालं? कोणाच्या ओळखीने गेला, कोणाच्या जमिनीवर उभा राहिला, मालक म्हणून की खंड भरून कसणारा खंडकरी म्हणून? आणि ती जमीन त्याच्या आधी कोण कसत होतं? वंशावळीला हे ठाऊक नसतं. जमिनीच्या कागदांना ठाऊक असतं.

आमच्या घरात दोन आडनावं चालत आली. शाळेच्या दाखल्यावर कुलवृत्तांतातलं आडनाव आणि सातबाऱ्यावर ‘कोकणे’. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाने आम्हाला ते नाव दिलं, कारण आम्ही कोकणातून आलो होतो. आडनाव धरून शोधणाऱ्याची वाट इथेच बंद होते. तुमच्या सूचीत ‘कोकणे’ नव्हते आणि गावच्या दप्तरात आमचं मूळ आडनाव नव्हतं. त्यात जुन्या नोंदींत बरेचदा आडनाव लिहीतच नसत. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव.

म्हणून मी आडनाव सोडलं आणि जमीन धरली. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. गट पडले ते एकत्रीकरणाच्या योजनेत, म्हणून आधी त्या योजनेच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढला. मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर, आणि कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेली माणसं. एका नंबरावरून मागच्या नंबरावर, तिथून आणखी मागे. नदी ओलांडताना दगडावरून दगडावर पाय टाकावा तसं ते काम आहे, आणि मध्ये एखादा दगड नसला की आठवडेच्या आठवडे काठावर बसून राहावं लागतं.

1957 च्या नोंदीपाशी मी पहिल्यांदा थबकले. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. 1948 च्या कूळकायद्यात 1956 साली जी मोठी दुरुस्ती झाली, तिने त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. फेरफारात आजोबांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘कूळ’. नंतर कलम 32 ग खाली किंमत ठरली, हप्त्याहप्त्याने ती फिटली आणि 32 म चं मालकीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच्या मागच्या वर्षांत ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘सं. कू.’, म्हणजे संरक्षित कूळ. पीकपाहणीत कसणाऱ्याच्या जागी आजोबा, वर कब्जेदार, म्हणजे मालक, म्हणून गावातलं एक मोठं घराणं.

म्हणजे आम्ही कूळ होतो. ज्या घरात कुलवृत्तांत जपून ठेवला होता, त्या घराला ‘आपण दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होतो’ हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. आजोबांनी नाही, वडिलांनीही नाही. वडिलांना ठाऊक होतं की नव्हतं, ते विचारायला आता ते नाहीत.

आपल्या भाषेत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. दोन्हींचं अनेकवचन एकच, कुळं. तुम्ही पहिल्याचा वृत्तांत लिहिता. दुसऱ्याचा कोणी लिहीत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांपुढे बसून मी कितीतरी दिवस त्या एका शब्दाचाच विचार करत होते.

पणजोबांपर्यंत पोचायला मला गावच्या शाळेने मदत केली. शाळेच्या शताब्दीची एक स्मरणिका निघाली होती. फोटो, शुभेच्छा, जाहिराती आणि मागे पहिल्या पन्नास वर्षांतल्या विद्यार्थ्यांची यादी. अशा पुस्तिका आपण रद्दीत घालतो. कृपा करून घालू नका. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं, सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाचे अंक, यात्रा समितीचे अहवाल, गावातून गेलेल्या आणि गावात आलेल्या घरांचा माग यांच्यात असतो. त्या यादीत आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव मूळ आडनावासकट होतं. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून दाखवलं. 1911 साली दाखल, वय 7, आणि ‘जन्मस्थळ’ या रकान्यात चिपळूण तालुक्यातलं तेच गाव, जे वडिलांच्या बोटाखाली असायचं.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. बाहेर मुलं पाढे म्हणत होती.

पणजोबांच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात मिळाली. गाव नमुना 14, जन्ममृत्यूची वही. ऑक्टोबर 1918. कारण : ताप. त्याच पानावर आमच्या वस्तीतले आणखी सहा मृत्यू, सगळे काही आठवड्यांतले, सगळ्यांपुढे तोच शब्द. इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात त्याच शरदात भरात होती. लिहिणाऱ्याचं अक्षर पानाच्या वरच्या भागात नीट आहे, खाली खाली येताना घाईचं होत गेलं आहे.

पणजोबांनी जाण्याआधी दीड एकराचा एक मुरमाड तुकडा स्वतःच्या नावावर विकत घेतला होता. त्यावरची वारसनोंद 1919 ची आहे. दोन मुलगे, दोघेही अज्ञान, म्हणजे वयाने लहान, आणि पुढे ‘अ. पा. क. आई’. म्हणजे अज्ञान पालन करणार. या तीन अक्षरांत माझ्या पणजीची दहा वर्षं आहेत. परक्या गावात, परक्या आडनावाने, अर्धेलीच्या रानात दुसऱ्याला निम्मं धान्य मोजून देत तिने दोन मुलं मोठी केली आणि तो तुकडा गहाण पडू दिला नाही. पुढच्या कोणत्याही फेरफारात त्यावर बोजा नाही. हे तिच्या कर्तृत्वाचं एकमेव प्रमाणपत्र. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर ती एक कंस होईल : प्रथम कुटुंब, माहेरचं नाव, सासरचं नाव. त्या कंसात तुम्ही कृपया हा फेरफार नंबर लिहा.

टिपणाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भूमापनाच्या वेळी मोजणीदाराने शेताची जी हातची आकृती काढली, ते टिपण. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. इंदापूर तालुक्यात 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे सगळ्या इलाख्यात गेली. आमच्या कुळाच्या रानाचं टिपण तळहाताएवढं आहे. मधून जाणारी आधाररेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंनी टाकलेले लंब, प्रत्येकावर साखळ्या आणि आणे, आणि वायव्येच्या कोपऱ्यात विहिरीचं छोटं वर्तुळ. ती विहीर आजही आहे. तिच्या काठावर मी पोहायला शिकले. कोणा अनोळखी माणसाने उन्हात साखळी ओढत तिची जागा कागदावर नेमकी उतरवून ठेवली होती, आमची माणसं घाट चढून येण्याच्या कितीतरी आधी.

मग प्रश्न पडला की आमच्या आधी तिथे कोण होतं.

त्या रानाला गावात एका आडनावाने ओळखतात. त्या आडनावाचं एकही घर गावात नाही. लहानपणी मला वाटायचं, शेतांना नावं अशीच असतात. पाटलांच्या घरी मोडी कागदांचा एक रुमाल आहे, त्यात गावचा थळझाडा, म्हणजे गावच्या जमिनींची जुनी यादी, निघाला. इंग्रजी अमलाच्या आधी देशावरच्या गावांतून जमीन थळांनी ओळखत, आणि थळाला मूळच्या मिरासदार घराण्याचं नाव असे. पिढ्यान्‌पिढ्या वतनासारखी जमीन कसणारा तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन कौलाने किंवा खंडाने कसणारा तो उपरी. आणि ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झालं, त्याची जमीन ‘गतकूळ’. आमच्या रानापुढे मोडीत तोच शब्द होता. पहिल्यांदा मला तो वाचता आला नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, आणि ‘गत’ची गाठ पुढच्या अक्षरात मिसळलेली होती. मोडीच्या वर्गातल्या सरांनी तो वाचून दाखवला.

वंश म्हणजे कूळ, खंडकरी म्हणजे कूळ, आणि जे उरलं नाही ते गतकूळ. आम्ही उपरी येऊन दुसऱ्या कोणाच्या तरी गेलेल्या घराच्या जागी वसलो होतो. ते घर का गेलं, दुष्काळात, कर्जात की आणखी कशात, ते कागद सांगत नाही. पण त्यांचं नाव आमच्या रानावर दोनशे वर्षांनंतरही आहे, आणि आता आमच्या घराच्या इतिहासात मी ते पहिल्या पानावर लिहिलं आहे.

यानंतर मी कोकणात गेले. मूळ घर पडायला आलं आहे, पण चुलत्यांच्या वंशातलं एक घर अजून तिथे राहतं. त्यांनी मला परकं मानलं नाही. माळ्यावरून दप्तर काढून दिलं, वरच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती, आतला वाचला होता. त्यात शके 1828 चं गहाणखत होतं. पणजोबांनी खोतीतली, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वतनातली, आपली तक्षीम (वाटा) चुलत भावाकडे गहाण टाकली आणि त्यानंतर कुंभार्ली घाट चढला. वडिलांना हवा असलेला पुरावा हाच. तो मी मंडळाकडे पाठवला आहे आणि शाखा जोडली जाईल असं उत्तर आलं आहे. त्याबद्दल मंडळाची मी ऋणी आहे.

पण त्याच गठ्ठ्यात, गहाणखताच्या खाली, एक वसुलीची लांबट वही होती. आम्ही खोत होतो, हे कुलवृत्तांतात अभिमानाने छापलं आहे. खोत कोणावर होतो, ते त्या वहीत आहे. सत्तावीस कुळं. वाडीचं नाव, कुळाचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे भात खंडी-मण-पायलीत. दोन ठिकाणी बाईचं नाव, ‘कोम’ लावून. काही नावांपुढे वेठीचे दिवस. मागाहून मी सरकारी बोटखताशी ती नावं ताडून पाहिली. 1880 च्या खोती कायद्याखाली गावोगाव बोटखतं झाली, त्यांत खोतांच्या तक्षिमा आणि जमीन कोणाच्या वहिवाटीला, धारेकरी, म्हणजे फक्त सारा देणारा, कोण, खोताला काय देणं, हे सगळं लिहिलेलं असतं. वहीतली बरीच नावं, किंवा त्यांचे बाप, त्यात मिळाले.

सातारा जिल्ह्यात आम्ही कूळ होतो आणि चिपळूण तालुक्यात आमची कुळं होती. घाटाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकच रक्त, एकदा देणारं आणि एकदा घेणारं. देशावर पणजीने निम्मं धान्य मोजून दिलं त्याचं मला इतकं वाईट वाटलं होतं. त्याच पणजीच्या सासऱ्यांनी इथे किती मोजून घेतलं ते माझ्या मांडीवरच्या वहीत होतं.

खोतीविरुद्ध कोकणातल्या कुळांनी काय सोसलं, ते आपल्याला माहीत असायला हवं. अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन कसायचं नाकारलं. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडलं. कायद्याने खोती गेली ती 1949 च्या अधिनियमाने. किती कुलवृत्तांतांत यातलं एक तरी वाक्य आहे? ‘अमुक गावचे खोत’ हा मान मात्र ठळक अक्षरात आहे.

वही वाचून झाल्यावर मी त्या वाडीत गेले. एक म्हातारे गृहस्थ अंगणात सुपाऱ्या सोलत होते. मी कोण, कोणाच्या घरची, हे आधी सांगितलं. सांगताना घसा कोरडा पडला होता. त्यांनी पाणी दिलं. त्यांच्या घरातला सगळ्यात जुना कागद 1957 नंतरचा, तोही कूळकायद्याचाच. त्यावर त्यांच्या आजोबांचं नाव होतं. आजोबांच्या बापाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी वहीच्या पानाचा फोटो काढला आणि मोडीवरून बोट फिरवत वाचलं : वाडी, आजोबांच्या बापाचं नाव, त्याच्याही बापाचं नाव.

“परत वाचा,” ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी सुनेला हाक मारली, नातवाला बोलावलं आणि मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. नातवाने स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही नावं लिहून घेतली. त्यांच्या घराला एका दुपारी दोन पिढ्या मिळाल्या, आणि त्या गेली शंभर वर्षं आमच्या माळ्यावर पडून होत्या.

आता मागणं सांगते.

तुमच्यापैकी कितीतरी घराण्यांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, बँकेच्या लॉकरमध्येसुद्धा, खोतीची, इनामाची, कुलकर्णाची, देशमुखीची दप्तरं आहेत. तुम्ही त्यांतून स्वतःची वंशावळ काढून घेता आणि दप्तर पुन्हा बांधून ठेवता. उरलेल्या पानांवर ज्यांची नावं आहेत, त्यांच्या वंशजांचं मंडळ नाही, माहितीपत्रक नाही, संमेलन नाही. त्यांचा कुलवृत्तांत तुमच्याकडे आहे. प्रत्येक मंडळाने पुढच्या आवृत्तीत किंवा पुरवणीत गाववार परिशिष्ट द्यावं : आमच्या घराण्याच्या जमिनीवर अमुक साली अमुक कुळं होती, अमुक वाडीची. नावं जशी आहेत तशी, बिनआडनावाची.

यावर काही मंडळींनी मला स्पष्ट सांगितलं की असे कागद बाहेर आले तर जमिनीचे दावे उभे राहतील. ही भीती मला समजते, कोर्टात आयुष्यं गेलेली घरं मी पाहिली आहेत. ज्यांना ती भीती आहे, त्यांनी सर्व्हे नंबर आणि क्षेत्र झाकून नुसती नावं आणि वाड्या द्याव्यात. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे क्षेत्र विचारलं नव्हतं.

दुसरं. ‘घाटावर गेले’, ‘देशी स्थायिक’, ‘बडोद्यास गेले’, ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’, अशा ओळींची प्रत्येक मंडळाने एक वेगळी यादी करावी आणि त्या ओळी बदलाव्यात. ‘उपलब्ध नाही’च्या जागी ‘अद्याप शोधलेले नाही’ लिहावं, कारण बहुतेक ठिकाणी खरं तेच आहे. शोधायला तरुण मुलं मिळतात. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची जुनी दप्तरं सोडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक काम मिळालं. पुष्कळ जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या पानांची चित्रं आहेत. कोतवाल बुकातला तो ‘ताप’ पाहण्यासाठी मला महिनाभर वाट बघावी लागली होती. आज तशी कित्येक पानं घरबसल्या उघडता येतात. शोधणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की इसवी सन काढायला फसली सनात 590 किंवा 591 मिळवायचे, शकात 78 किंवा 79, आणि मराठवाड्यात गेलात तर जुने कागद उर्दूत असतील, तेव्हा वाचणारा सोबत घ्यावा. पूर्व विदर्भात सारावसुलीची मालगुजारी पद्धत होती, तिथे ‘वाजिब-उल-अर्ज’ जरूर मागावा. गावच्या रूढी, हक्क आणि कधी कधी गाव कसं वसलं तेही त्यात असतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांना विसरू नका. ते अजून दारी येतात, वंशावळ म्हणून दाखवतात आणि मूळ गाव सांगतात. त्यांच्या चोपड्यांत कुणब्यांची, माळ्यांची, धनगरांची घरं आहेत, जी तुमच्या पुस्तकांत कधी आली नाहीत.

आणखी एक माग समुद्रापार जातो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या बाजूची कितीतरी माणसं करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली. तिथे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या सगळ्यांच्या नोंदवह्या आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जिल्हा, गाव. आज त्यांचे खापरपणतू इथे येऊन विचारतात, आमचं घर कोणतं? गावात कोणाला सांगता येत नाही, कारण जमीन त्यांच्या नावावर कधी नव्हतीच. त्यांचं नाव असलं तर ते एकाच ठिकाणी असेल, खोताच्या जुन्या वसुलीवहीत, आणि ती वही तुमच्याकडे आहे.

घाई कशाला, असं म्हणू नका. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणातली छपरं उडवली, 2021 च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी चढलं. घरं नव्याने बांधताना लोक जुने कागद अंगणात पेटवतात, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या घरात दप्तर आहे, तिथे मंडळाच्या एका माणसाने फोन घेऊन जावं आणि प्रत्येक पानाचा, पाठपोट, उजेडात फोटो काढावा. वाचणं नंतर होईल.

आमच्या कुळाचं संमेलन येत्या डिसेंबरात चिपळूणला आहे. कार्यकारिणीला मी वेगळं पत्र दिलं आहे, इथे सगळ्यांसमोर पुन्हा विनंती करते. नोंदणीच्या टेबलाशेजारी मला एक टेबल द्या. त्यावर ती वसुलीची वही, बोटखताची नक्कल आणि आमच्या रानाचं टिपण मी मांडून ठेवीन. वाडीतल्या त्या गृहस्थांना आणि वहीत ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी जी घरं सापडली त्यांना मी बोलावलं आहे. आतापर्यंत अकरा सापडली. त्यांची जेवणाची पानं आपल्याच पंगतीत मांडावीत. खर्च माझा.

आपल्याच कुळातली एक लेक